थापली कुणी, भाजली कुणी

मित्रांनो, तुमच्या घरी पीठ मळायला स्टीलची परात असेल. घासली की चकाकणारी, हातातून सुटली की साऱ्या घराला कळवणारी. मी तिच्या आधीची. मी काठवट. लाकडाची, गोल, मध्ये खोलगट आणि वयाने चांगलीच म्हातारी. मला डोळे नाहीत. ऐकणं आणि हात ओळखणं, एवढ्या दोनच गोष्टी मला येतात. पण माझ्या पोटात पडलेला हात कुणाचा, तो दमलेला आहे की रागावलेला, हे मला पहिल्या थापेत कळतं.

माझा जन्म मंगळवेढ्याकडचा. बांधावरचं कडुलिंबाचं झाड वादळात आडवं झालं आणि त्याच्या बुंध्यातून कोंडीबा सुताराने मला कोरून काढलं. आठ दिवस तो वाकसाने माझं पोट खरवडत होता. मग करडईचं तेल पाजलं, उन्हात ठेवलं, पुन्हा तेल पाजलं. शेवटी कडेवरून बोटं फिरवत म्हणाला, "हिला कुटं जोड न्हाय, खिळा न्हाय. एका जिवाची हाय." मला त्या बोलण्याचा फार अभिमान वाटला. एका लाकडाचं असणं म्हणजे कुणाची गरज नसणं, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

ज्यांच्या बांधावर ते झाड होतं, त्या घरी सोजरबाई लग्न होऊन आल्या, तेव्हा मी नवीन होते आणि त्याही. पहिल्या दिवशीचा त्यांचा हात मला आठवतो. तळवा मऊ, बोटं घाबरलेली. एक भाकरी तव्यावर जाईपर्यंत तीनदा मोडली. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. ते ऊन पाण्यात जीव लावून मळावं लागतं आणि तळव्याखाली गोल गोल फिरवत कडेकडेने वाढवत न्यावं लागतं. जोर जास्त झाला तर मध्ये भोक पडतं, कमी झाला तर कड जाड राहते. पुढे त्याच हाताला अशी लय आली की थापेचा आवाज ऐकून शेजारची बाई विचारी, "सोजर, आज कितवी?" थापताना त्या ओव्या म्हणत. काही ऐकलेल्या, काही तिथल्या तिथे जुळवलेल्या. माझं पोट त्या ओव्यांनी भरलं, आणि पिठानेही.

त्यांचा मुलगा सयाजी चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागला, तेव्हा घर सोलापुरात आलं. मी गोधडीत गुंडाळून एसटीने आले. "आई, ही कशाला? परात घेऊ की नवी," असं सयाजी म्हणाला होता. सोजरबाई म्हणाल्या, "तू परातीत थापून दाव, मग घे."

शहरातल्या दोन खोल्यांत घरापुरत्या भाकरी थापून त्यांचं मन भरेना. मग कुणीतरी वैजयंतीताईंचं नाव सांगितलं. वैजयंतीताईंचा कडक भाकरीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, गॅसच्या तीन शेगड्या, तीन मोठे तवे आणि तीन बायका. कडक भाकरी पापडासारखी पातळ असते. ती तव्यावर भाजायची, मंद आचेवर पुन्हा शेकायची, मग जाळीच्या मांडणीत उभी करून वाळवायची. नीट जमली तर महिनाभर टिकते आणि तोडली की कुर्रर्र वाजते. शेंगाची चटणी घालून दिलेले तिचे डबे पार पुण्याला जात.

तिथे सोजरबाई मला घेऊन गेल्या. त्यांच्या डावीकडच्या शेगडीवर नागव्वा. माहेर मैंदर्गीचं, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि दोन्हीत तिखट. पलीकडच्या शेगडीवर राजेश्वरी, नुकतं लग्न झालेली, मोबाइलवर गाणी लावून काम करणारी. प्रत्येकीचं पीठ वेगळं, तवा वेगळा, मांडणी वेगळी. आपलं आपण मळायचं, आपणच थापायचं, आपणच भाजायचं. शिवाय ताईंनी एक पद्धत घालून दिली होती. भाकरी थापून झाली की कडेला बोट दाबून खूण करायची. सोजरबाईंचं एक बोट, नागव्वाची दोन, राजेश्वरीची तीन. म्हणजे कुठली भाकरी कुणाची ते डब्यातही कळावं.

आरंभी ती खूण कौतुकासाठीच होती. पुण्याच्या दुकानदाराचा फोन आला की ताई तो मोठ्याने ऐकवत. "ती एका बोटाची भाकरी जास्त पाठवा हो, गिऱ्हाईक मागतंय."

"आली बगा आमची एका बोटाची महाराणी," नागव्वा म्हणे.

"दोन बोटं लावून पण तुजी भाकर जाडच की गं," सोजरबाई म्हणत.

"जाड न्हाय अक्का, पोटभर हाय ती."

"मंग डब्यात घालू नको. जात्यावर ठेव, वरचा दगड म्हनून."

राजेश्वरी खो खो हसे. दोघी मात्र हसत नसत. मी तेव्हा सोजरबाईंच्या बाजूची होते. कौतुक झालं की त्यांचा हात जरा जास्त जोरात पडे आणि मला वाटे, हे कौतुक माझंही आहे.

मित्रांनो, एक गोष्ट मला सगळ्यांच्या आधी कळली होती. मला तोंड नाही म्हणून मी ती कुणाला सांगू शकले नाही.

पाण्याचा तांब्या नेहमी माझ्या उजवीकडे असे. सोजरबाईंचा हात न बघता तिकडे जाई. गेल्या पावसाळ्यापासून तो हात आधी माझ्या कडेला लागू लागला. मग जमिनीला. मग तांब्याला. एकदा तांब्या कलंडला आणि पाणी माझ्याखाली आलं. "सांडलं व्हय?" त्या म्हणाल्या, जणू दुसऱ्याच कुणी सांडलं होतं. माझ्या पोटात हात आला की तो पूर्वीसारखाच शहाणा होता. मळणं बिनचूक, थापणं बिनचूक. चूक व्हायची ती पुढे, तव्यावर.

भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात. ते पाणी कडेने सुकत येतं आणि मध्ये थोडी ओल उरते, नेमकी त्या वेळी भाकरी उलटायची. लवकर उलटली तर तव्याला चिकटते. उशीर झाला तर वरून चिरा पडतात. घरी लगेच खायची भाकरी असेल तर चिरेचं कुणाला काही वाटत नाही. कडक भाकरीत मात्र ती चीर वाळते, आणि प्रवासात भाकरी तिथेच तुटते. ती ओल हाताला कळत नाही. ती डोळ्यांनीच बघावी लागते. सोजरबाई तव्यावर इतक्या वाकत, की एकदा नागव्वा ओरडली, "अय्यय्यो अक्का, केस भाजताय की भाकर?"

"तुजं तू बग," सोजरबाई म्हणाल्या.

त्यांना मोतीबिंदू झाला होता. ते त्यांना ठाऊक होतं. डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरने दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं आणि त्यांनी तो कागद घरी एका डब्याच्या तळाशी ठेवून दिला होता. सयाजीला कळलं तर तो म्हणणार, आई, आता बास, घरी बस. ताईंना कळलं तर त्याही तेच म्हणणार. सोजरबाईंना ऑपरेशनची भीती नव्हती. घरी बसायची होती.

दिवाळीनंतर पुण्याहून फोन आला. या वेळी ताईंनी तो मोठ्याने ऐकवला नाही. दुकानदाराने पाठवलेला व्हिडिओ त्यांनी राजेश्वरीच्या मोबाइलवर पाठवला. तिने तो बघितला आणि गाणं बंद केलं. "मावशी, डबा उघडला तर सगळा चुराच आहे," ती हळू म्हणाली. "आणि तुकड्यांवर..."

"काय तुकड्यांवर?"

"एकच बोट आहे."

"माज्या कवा तुटत न्हाईत बाबा," नागव्वा म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाली. तिला त्या वेळी किती बरं वाटलं असेल, ते तिच्या पुढच्या चार थापांवरून मला ऐकू आलं.

ताई वाईट नव्हत्या. पुण्याचा दुकानदार गेला तर तिन्ही शेगड्या बंद पडायची वेळ येणार होती. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून तुम्ही पॅकिंगला बसा. बसून काम आहे, त्रास नाही."

"भाकर?"

"बघू पुढे."

दुसऱ्या दिवसापासून माझी जागा मांडणीच्या खालच्या फळीवर गेली. माझ्यात चिकटपट्टीची रिळं ठेवली, रबर ठेवले, जुनी लेबलं ठेवली. पीठ नाही, पाणी नाही. लाकडाला रोज ओलावा मिळाला नाही की ते आतून आवळत जातं. रात्रंदिवस कुणीतरी आपल्याला पिळतंय असं वाटतं. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. रबर घ्यायला सोजरबाईंचा हात माझ्यात यायचा, घटकाभर थांबायचा, आणि रबर न घेताच निघून जायचा.

असे पंधरा दिवस गेले. मग एका दुपारी राजेश्वरी किंचाळली, "अगं बाई, हे काय!"

लेबलावर टोपली घेतलेल्या बाईचं चित्र होतं. सोजरबाईंनी त्या दिवशी चाळीस डबे भरले होते आणि चाळीसही डब्यांवर बाई उलटी.

"अक्का," नागव्वा हसत सुटली, "लेबलावरची बाई डोक्यावर उभी हाय की! योगासनं शिकवली व्हय तिला?"

राजेश्वरी हसली. ताईंनाही हसू आवरेना. सोजरबाईही हसल्या, पण सगळ्यांच्या मागून, आणि हसता हसता त्यांनी विचारलं, "कुठली बाई?"

नागव्वाचं हसणं तिथेच थांबलं. ती उठून जवळ आल्याचं मला तिच्या बांगड्यांवरून कळलं. मग म्हणाली, "अक्का, हिकडं बगा. किती बोटं?"

"मला काय बालवाडीत घातलं काय गं?"

"किती, सांगा की."

"चार."

पुढे राजेश्वरीने हे कितीदा तरी सांगितलं, म्हणून मला माहीत. नागव्वाने दोन बोटं धरली होती.

ताई तोवर फोन घ्यायला बाहेर गेल्या होत्या. नागव्वा माझ्या फळीजवळ खाली बसली. "कवापासनं?"

"पावसाळ्यापासनं. कुणाला सांगू नको."

"याके? का न्हाय सांगायचं?"

"घरी बसवतील. भिंत बगत बसायची दिवसभर. ती पण धड दिसनार न्हाय." यावर त्या स्वतःच हसल्या. नागव्वा हसली नाही.

"मी त्या दिवशी लई बोलले तुमाला," ती म्हणाली.

"बोललीस ती बोललीस. तुजी भाकर जाड हाय ते काय खोटं हाय का?"

नागव्वाने नाक ओढलं आणि माझ्यातली रिळं, रबर, लेबलं सगळी जमिनीवर ओतली. मला उचललं. तिने मला हात लावायची ती पहिली वेळ. "तुमी सांगा ताईंना. तुमी न्हाय सांगितलं तर मी सांगते. आनि मंग मी काय करते ते बगा."

ताई आत आल्या तेव्हा सोजरबाईंनी सांगितलं. सगळंच सांगितलं, डब्याच्या तळाशी ठेवलेल्या कागदासकट.

"मावशी, मला आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं, तर ठेवलं असतं का मला तव्यावर?"

"नसतं ठेवलं," ताई म्हणाल्या. खोटं त्या बोलल्या नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण.

मग नागव्वा बोलली. "ताई, ह्यांचा हात गेला न्हाय, नजर गेलीया. थापायला नजर कशाला पायजे? ह्या थापतील. भाजायचं मी बगते."

"तुझं तुला पुरतं का, नागव्वा? दोघींचं कोण भाजणार?"

"तवा मोठा हाय की. राजेश्वरी पीठ मळून देईल दोघींचं. मळायचा वेळ वाचला तर मला भाजायला घावतोय."

पुण्याचा दुकानदार आणखी एकच खेप घेणार होता, दोनशे भाकरींची. त्याने सांगून ठेवलं होतं, पुन्हा चुरा आला तर यापुढे नको. "ही खेप तुम्ही तिघी मिळून करा," ताई म्हणाल्या. "नीट पोचली तर ठीक. नाही पोचली तर मावशी, मला दुसरा मार्ग नाही."

तर मित्रांनो, माझ्यासमोर दोन हात पुन्हा आले. पण खेपेआधी सराव सुरू केला, त्याचे पहिले तीन दिवस काही खरं नव्हतं. सोजरबाई झपाझप थापत, आणि नागव्वाचा तवा संथ. थापलेल्या भाकरी वाट बघत पडून राहत, वरून सुकत, आणि तव्यावर जायच्या आधीच चिरत. नागव्वाने घाई केली की चिकटत.

"जरा दम धरा की अक्का! काय मागं लागलंय का तुमच्या?"

"तू जरा हात उचल. मैंदर्गीची बैलगाडी हाय का ती?"

"बैलगाडीच बरी. तुमची एसटी खड्ड्यात चाललीया!"

तिसऱ्या दिवशी अठ्ठावीस भाकरी वाया गेल्या. राजेश्वरी रडायच्या बेतात आली होती. दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. आणि बोलणं बंद झालं म्हणून सोजरबाई सवयीने गुणगुणू लागल्या, माझ्या पोटावर ताल धरत.

ऊन ऊन पान्यामंदी पीठ मळीलं मऊमऊ,
तव्यावरल्या माज्या बाई, भाकर देते, नको कावू.

नागव्वा हुंकारली. सोजरबाईंनी भाकरी तिच्याकडे सरकवली आणि दुसरी ओवी जुळवली.

पानी सुकलं कडंला, मधी चांद राहिला ओला,
उलट गं बाई आता, तवा तुज्याशी बोलला.

"थांबा, थांबा," नागव्वा म्हणाली. "परत म्हना. तेवढ्याच दमानं."

सोजरबाईंनी परत म्हटली. ओवी संपली आणि नागव्वाने भाकरी उलटली. नुसती सरकन निघाली ती. चिकटली नाही, चिरली नाही. एक ओवी झाली की भाकरी तव्यावर आणि पाण्याचा हात, दुसरी झाली की उलथणं. थापणारीने ओवीच्या आत थापायचं, भाजणारीने ओवीच्या शेवटी उलटायचं. ना हिची घाई, ना तिचा उशीर. दोन दिवसांनी नागव्वा मध्येच कानडीत ओळी घालू लागली. सोजरबाईंना त्यातलं काही कळत नसे, पण लांबी बरोबर असायची. राजेश्वरीने मोबाइलवरची गाणी बंद ठेवली. "तुमच्या गाण्यात माझं पीठ चुकतंय," म्हणाली आणि तीही मळताना त्याच ठेक्यावर आली.

खेपेचं काम सुरू झालं आणि पहिल्याच भाकरीला भांडण. सोजरबाईंनी कडेला बोट दाबलं.

"हे काय?" नागव्वाने विचारलं. "भाजली कुनी?"

"थापली कुनी?"

"न भाजता खातंय का कोन? दोन बोटं लावा."

"मग मळली कुणी?" राजेश्वरी म्हणाली. "माझी पण तीन लावा."

"एक, दोन, तीन. सहा बोटं लावली तर भाकर ऱ्हाती का तितं? नुसती भोकं ऱ्हातील," सोजरबाई म्हणाल्या. तिघी एकदम हसल्या. सोजरबाईंनी ओल्या हाताने आपल्या बोटाची खूण पुसून टाकली. खूण पुसल्यावर कड पुन्हा सपाट झाली, ते मला तळव्यातून जाणवलं.

ताईंनी विचारलं, "खूण नाही? मग तक्रार आली तर मी विचारू कुणाला?"

"सगळ्यांना इचारा की," नागव्वा म्हणाली. "आमी तिगी हितंच हाय."

दोनशे भाकरी चार दिवसांत झाल्या. डबे राजेश्वरीने भरले, लेबलातली बाई सरळ उभी करून. नेहमीचा टेम्पोवाला मल्लेश ते पुण्याला घेऊन गेला. त्यानंतरचे दोन दिवस सोजरबाई थापत होत्या खऱ्या, पण त्यांच्या बोटांत लग्नाच्या पहिल्या दिवसाची भीती परत आली होती. ती फक्त मलाच कळत होती, असं मला वाटलं. पण नागव्वा त्या दोन दिवसांत ओवी जरा हळू म्हणवून घेत होती. म्हणजे तिलाही कळत होतं.

फोन आला. ताईंनी तो मोठ्याने ऐकवला. दुकानदार म्हणत होता, "मोडलेल्या तीन निघाल्या, दोनशेत तेवढं चालतं. पण या वेळी कडेला बोट नाही ते? कुणाची भाकरी ही?"

ताई म्हणाल्या, "आमची."

सोजरबाई शेगडीजवळून उठल्या, मोरीत गेल्या आणि तोंड धुऊन आल्या. परत आल्या तेव्हा हात गार होते आणि स्थिर होते.

फेब्रुवारीत त्यांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मार्चमध्ये दुसऱ्याचं. सयाजी म्हणालाच, "आई, आता घरी बस." तर नागव्वा त्यांच्या घरी जाऊन त्याला सांगून आली, "बसवा की. पन मग अक्कांची काठवट रडायला लागंल, ती पन घरी न्या." डॉक्टरांनी बराच काळ आचेजवळ जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. त्या काळात ताई स्वतः माझ्यासमोर बसल्या. त्यांच्या भाकरी गोल येत नसत, पण कुणी त्यांना बोललं नाही. नागव्वा एकदाच म्हणाली, "ताई, ही भारताचा नकाशा झालीया. पन चालंल, कडक भाजते."

उन्हाळा चढला होता. पत्र्याखाली तवे म्हणजे दुसरा सूर्यच. अशा एका सकाळी सोजरबाई परत आल्या. माझ्यासमोर बसल्या नाहीत. आधी खोलीभर हिंडल्या. "पत्र्याला एवढी भोकं हायत व्हय?" म्हणाल्या. "राजेश्वरी, तू एवढी गोरी हाय व्हय गं? मला वाटलं पीठ लागलंय." मग नागव्वाच्या तव्यापाशी थांबल्या.

"नागव्वा, हात दाव."

"काय हाय हातात? पीठ हाय."

"पीठ धू आनि दाव."

"अक्का, तवा तापलाय..."

"धू म्हनते."

पाण्याचा आवाज झाला. मग सोजरबाई म्हणाल्या, "हे कवाचं?"

"लागतंय की थोडं थोडं. तव्याचं काम हाय."

"थोडं थोडं? पार मनगटापतोर गेलंय. हा फोड तर कालचा हाय."

"दोगींचं उलटायचं मंजे हात दुप्पट जातोय तव्यावर. त्यात काय एवढं?"

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमी सांगितलं हुतं काय मला डोळ्याचं?"

सोजरबाईंनी उलथणं हातात घेतल्याचा आवाज आला. "ऊठ तितनं."

"डॉक्टरनी न्हाय म्हनून सांगितलंय..."

"डॉक्टरनी परवा मोकळं केलंय. कागद दावू का? ऊठ. तव्यावर मी. तू थाप."

"मी? तुमच्या काठवटीत?"

"काठवट काय चावती काय?"

नागव्वा माझ्यासमोर बसली. तिचा तळवा माझ्या पोटात पडला आणि मला सगळं कळलं. जागोजागी चट्टे, जुने वाळलेले, नवे ओलसर, बोटांच्या पेरांवर जाड कातडी. एवढे दिवस सोजरबाईंची भाकरी या हातावर भाजली जात होती. मला बिनजोडाचं असण्याचा अभिमान होता, तो मी त्या दिवशी सोडून दिला. तिला परातीची सवय. माझा खोलगटपणा तिला नवा होता. पहिली भाकरी उचलताना मोडली.

तव्याकडून आवाज आला, "मोडली का?"

"मोडली."

"मळ परत. थांबते मी."

आणि रिकामा तवा तापत असताना सोजरबाई खरंच थांबल्या. त्यांनी आच कमी केली, आणि ओवी पुन्हा पहिल्यापासून धरली, अगदी सावकाश.

मित्रांनो, आता मी त्या खोलीत सगळ्यांची आहे. रोज दोन-चार हात माझ्यात येऊन जातात आणि शनिवारी राजेश्वरी मला आठवणीने तेल लावते. तुम्ही मोठे व्हाल, कुठे ना कुठे कामाला लागाल. कुणी मशीनवर, कुणी टेबलावर, कुणी शेतात. तुमच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असेल. त्याचं काम हळू चाललंय म्हणून चिडण्याआधी, किंवा आपलं सुरळीत चाललंय म्हणून निर्धास्त होण्याआधी, एकदा त्याला हात दाखवायला सांगा. तो म्हणेल, काही नाही, पीठ आहे.

तुम्ही म्हणा, पीठ धू आणि दाखव.